उजव्या भिंतीवरच्या अकरा खुंट्या

३ मार्च, शनिवार

फोटो पाठवला. पाठवायला नको होता बहुतेक.

सामन्याच्या दिवशी सकाळी मोठे सर मला चिठ्ठी देतात — अकरा आकडे, बाकी काही नाही. त्या अकरा जर्सी मी उजव्या भिंतीच्या खुंट्यांवर लावते, राखीव खेळाडूंच्या डाव्या भिंतीवर. पोरं आत येतात, भिंत बघतात, कोण खेळणार ते कळतं. सर तोंडाने कधीच सांगत नाहीत. 'रुसायचं तर भिंतीवर रुसा' म्हणतात. ते प्रशिक्षक झाल्यापासून, म्हणजे चार वर्षं, हीच रीत.

आज चिठ्ठी हातात पडते न पडते तोच संघाच्या मालकांचा फोन. 'ताई, यादी आली की जरा फोटो पाठवत जा. मला आपलं बघायला बरं वाटतं.' गेल्या वर्षी कपडे धुण्याचं काम बाहेर द्यायचं चाललं होतं, तेव्हा ह्याच माणसाने मला ठेवून घेतलं. नाही कसं म्हणणार? पाठवला. अर्ध्या तासात मोठे सर लालबुंद होऊन आले — 'सतरा काढा, नऊ लावा.' नऊ म्हणजे मालकांनी हौसेने आणलेला. चेंडू जवळ आला की आधी केस सारखे करतो. दोन-शून्यने हरलो. नऊची जर्सी धुवायला टाकताना बघितली. घामाचा डागसुद्धा नाही.

१० मार्च

पुन्हा तेच. फोटो, फोन, नऊ, हार. शेवटून दुसरे आहोत आणि शेवटचे दोन संघ खालच्या गटात जातात. तिथे गेलो की निम्मी माणसं घरी बसतील. त्यात मी पहिली.

१२ मार्च

लिहायला हात धजत नाही.

सरावानंतर सगळ्यांसमोर मोठे सर छोट्या सरांना म्हणाले, 'यादी मालकांकडे कोण पोचवतं ते मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?' छोटे सर म्हणजे त्यांचे सहायक. चार वर्षं दोघं एका ताटात जेवल्यासारखे. पण मागच्या आठवड्यात छोटे सर मालकांच्या गाडीतून उतरताना कुणाला तरी दिसले, तेवढं पुरलं. बिचाऱ्यांनी गळ्यातली शिट्टी काढली, टेबलावर ठेवली, निघून गेले.

मी तिथेच मोज्यांच्या जोड्या लावत होते. बसले मूग गिळून!

घरी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, 'आई, उद्याच्या उद्या जाऊन सांगून टाक.' तिला काय जातंय बोलायला — पण सांगेन. उद्या नक्की.

१३ मार्च

नाही सांगितलं.

१७ मार्च

चिठ्ठीत तीस नंबर! तीस म्हणजे आमचा तिसरा गोलरक्षक, महिनाभर गुडघा बांधून फिरतोय. वाटलं, सरांचं डोकं ठिकाणावर नाही. तरी फोटो पाठवला — हाताला सवयच लागली. थोड्या वेळाने सरांच्या फोनमधून मालकांचा आवाज पार माझ्या टेबलापर्यंत आला. 'तीस? अहो, तीस?' सरांनी फोन ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि खिशातून दुसरी चिठ्ठी काढली. 'मावशी, ही लावा.'

एक-शून्यने जिंकलो. पोरं नाचत होती. मी मान खाली घालून जर्सी गोळा करत राहिले.

२४ मार्च

आता दोन चिठ्ठ्या येतात. सकाळची मालकांना दाखवायला, तिच्यात नऊ असतो. सामन्याच्या तासभर आधी दुसरी, तिच्यात नसतो. सर काही विचारत नाहीत, मी काही सांगत नाही. आजही जिंकलो. जिंकल्यावर मालक तरी काय बोलणार? हसून सगळ्यांशी हात मिळवत होते. सर सोडून.

नऊ डाव्या भिंतीखाली बूट न सोडता बसला होता. त्याचीही दया आली. त्याला तरी कुणी विचारलंय?

३० मार्च

राहवेना. सरांच्या खोलीत गेले. 'सर, फोटो मी पाठवत होते.'

ते फळा पुसत राहिले. 'माहीत आहे. तीस नंबर फक्त तुम्हालाच लिहून दिला होता.'

'मग छोट्या सरांना परत बोलवा ना.'

'सगळ्यांसमोर बोललो होतो, मावशी. आता कोणत्या तोंडाने बोलवू?'

असा राग आला! एवढ्या पोरांना उन्हातान्हात पळवतो हा माणूस आणि ह्याला एक फोन करवत नाही. मग जिना उतरताना आठवलं, मी तरी अठरा दिवस काय केलं.

३१ मार्च

बरोबरी. लक्ष नव्हतं.

२ एप्रिल

छोट्या सरांना मीच फोन केला. सगळं सांगितलं. रडलेही. ते म्हणाले, 'त्या दिवशी गाडीत मी मालकांना काय सांगत होतो माहितीये? सरांच्या कामात पडू नका, म्हणून.'

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

७ एप्रिल

वाचलो! शेवटच्या पाच मिनिटांत सतराने गोल केला. पोरांनी मोठ्या सरांना खांद्यावर घेतलं. मालक वर काचेमागे उभे होते, हात खिशात.

९ एप्रिल

मोठ्या सरांना काढलं. संघ राहिला, सर गेले. फळा पुसायचं फडकं तेवढं राहिलंय त्यांचं. धुऊन वाळत घातलं.

११ एप्रिल

नवे प्रशिक्षक — छोटे सर! जीव भांड्यात पडला. त्यांची शिट्टी मी कपाटात जपून ठेवली होती, ती पुसून हातात दिली. त्यांनी गळ्यात घातली. माझ्याकडे नीट बघत नाहीत अजून, पण बघतील. भिंत पुन्हा आपल्या माणसाच्या हातात आली, हे काय कमी आहे?

२१ एप्रिल, शनिवार

नव्या सरांचा पहिला सामना. नुसता मैत्रीचा, तरी खुंट्या पुसून घेतल्या. चिठ्ठीसाठी हात पुढे केला.

'चिठ्ठी बंद, मावशी,' छोटे सर म्हणाले. 'यादी मालक थेट तुमच्या फोनवर पाठवतील. मीही भिंतीवरच बघेन.'