सुट्टीत पिकणारे टोमॅटो

१२ एप्रिल

ती. बाबांना सा. न. वि. वि.

आमचं शेत पाहायला समिती सुट्टीतच येणार, हे नक्की झालं. कुलसचिवांच्या कारकुनांनी काल बांधावर उभं राहून सांगितलं. पीक उभं दिसलं तर वसतिगृहामागचा तुकडा विद्यार्थ्यांच्या शेतीसाठी कायमचा. नाहीतर तिथे प्राध्यापकांच्या गाड्या उभ्या राहतील.

आता आमचं शहाणपण ऐका. परीक्षेआधी लावणी उरकायची म्हणून सगळे हात धुऊन मागे लागलो, आणि टोमॅटो नेमके सुट्टीत पिकणार हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. सर म्हणाले, वेळापत्रक बघून पीक घेणारी ही पहिलीच तुकडी. आता सगळे घरी निघालेत. रोज पाणी घालायला कुणीतरी हवं, म्हणून मी थांबते आहे. मागच्या सुट्टीतही आले नव्हते, ते विसरलेले नाही. रागावू नका.

जेवणाची हेळसांड करू नका. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची
ठकी

२९ एप्रिल

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. राग कसला? घरात एक कुंडी होती, ती तू वाळवलीस. तीच पोरगी शेत राखते आहे, हे दुकानात सायकल घेऊन येईल त्याला सांगतो. मी मजेत आहे. तुझ्या खोलीतला पंखा खडखडत होता, तो उतरवून नीट केला. आता वारा छान येतो. दोन दुपारी तिथे पडून पाहिलं. टोमॅटोला काठ्यांचा आधार दिलास ना? काम अर्धं टाकून येऊ नकोस.

सवड झाली की चार ओळी लिही, तेवढं पुरे.

बाबा

ता. क. दादाने पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून खाली ही आत्याही घुसते. तू येणार होतीस त्या दिवशी त्याने भर दुपारी दुकान बंद केलं आणि स्टँडवर जाऊन बसला. तू येत नाहीस हे तुझं पत्र खिशातच होतं. शेवटची गाडी रिकामी झाल्यावर परतला. विचारलं तर म्हणे, माणसाचा बेत बदलतो कधीकधी. मी सांगितलं म्हणू नकोस.

आत्या

६ मे

ती. बाबांना सा. न. वि. वि.

मी घरी येते आहे. कारण विचारू नका.

माझी चष्मेवाली मैत्रीण इथलीच. पाणी घालशील का विचारायला गेले, तर तिने आधी मला फैलावर घेतलं. पाण्याची नळी मी कुणाच्या हाती लागूच देत नव्हते, जमीनदारीणबाई कधी विचारतात याची ती वाट बघत होती म्हणे. माझ्यावाचून तिथे पाणी पडू शकतं, हे मला खरंच सुचलं नव्हतं.

समिती गुरुवारी येते आहे. उत्तरं तीच देईल. बोलते माझ्यापेक्षा गोड, पण मिरचीचं रोप कुठलं अन् वांग्याचं कुठलं, हे अजून चाचपडतच सांगते. पहिला टोमॅटो लाल होताना मी तिथे नसेन, या विचाराने आज उगीच दोनदा शेतावर जाऊन आले.

बुधवारी सकाळी पोचते. आत्याला नमस्कार. तुमचा हात डोक्यावर असू द्या.

शेत राहिलं की गेलं, ते गुरुवारी संध्याकाळी ती दुकानाच्या फोनवर कळवेल. तोवर आपण दोघं दुकानातच बसू.

ठकी