करवलीचं मागणं

प्रिय प्रज्वल,

ऑक्टोबरमध्ये आलेल्या तुझ्या व्हॉइस मेसेजला उशिरा उत्तर देते आहे. "मार्चमधी तीन वर्सं पुरी होतात. मंग माहं परमिट माहं. तिले निपटवून टाकतो अन् मे मधी येतो. तू तयारीले लाग." मी तयारीला लागले. त्याबद्दलच लिहायचं आहे. फोनवर तू मध्येच हसतोस आणि सांगायचं ते अर्धं राहतं, म्हणून कागद घेतला. मालेगावच्या पोस्टातून रजिस्टर करणार आहे. पोचायला वेळ लागेल. मला तो वेळ हवा आहे.

इकडचं आधी सांगते. तूर यंदा बरी आहे. काकूंची शुगर आटोक्यात आहे, तपासायला मीच नेते. तुझ्या आईची सून म्हणून नाही, शेजारीण म्हणून. विजेच्या सबस्टेशनवर मी आता कायम झाले. रात्रपाळी असली की बाबा अजून मोटारसायकलवरून आसेगावहून मालेगावला सोडायला येतात. आपली सुपारी फुटून लग्न ठरलं, त्यानंतर आलेली दोन स्थळं त्यांनी दारातूनच परत पाठवली होती, आणि ते गावाला ठाऊक आहे.

तुझं जर्मनीतलं शिक्षण संपलं, नोकरी शोधायला मिळालेली मुदत सरत आली, आणि एका संध्याकाळी तू सांगितलंस की कॅट्रिन नावाच्या मुलीशी लग्न करतोयस. कागदापुरतं. तेव्हा तू मला फार नीट समजावलं होतंस. जर्मन नागरिकाच्या नवऱ्याला तिथं राहता येतं आणि हवं ते काम करता येतं. तीन वर्षं एकत्र संसार झाला की हा हक्क स्वतःचा होतो, मग बायको असो वा नसो. त्यानंतर तू मला नेणार. मला भाषेची परीक्षा द्यावी लागेल, म्हणून आतापासूनच शीक, असंही तूच म्हणालास. मी विचारलं होतं, त्या मुलीचं काय? "तिले सारं ठाऊक हाय. तू काहून टेन्शन घेऊन राह्यली?"

आमच्या कामात लाईन बंद आहे असं कुणी सांगितलं म्हणून तिला हात लावत नाहीत. आधी तपासतात. कॅट्रिन आसेगावला आली तेव्हा मी तपासलं.

ती आली कारण तिकडं नोंदवलेलं तुमचं लग्न खोटं असल्याचा संशय आला होता. तिकडच्या ऑफिसनं तुम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून प्रश्न विचारले आणि तू घाबरलास. घरच्यांसोबतचे फोटो हवेत, मांडव हवा, हळद हवी. पहिल्या संध्याकाळी ती चुलीपाशी माझ्या शेजारी बसली आणि काकूंचं नाव पाठ करत होती. धुर-प-ता-बाई. चुकली की स्वतःच कपाळाला हात लावायची. मग तिनं हळू आवाजात मला इंग्रजीत विचारलं, मी त्यांना आवडेन का? प्रज्वल, जिला सारं ठाऊक असतं, तिला आपण सासूला आवडू की नाही याची भीती वाटत नाही. मला तेवढं पुरलं. तू एकाच वेळी दोन घरांत खोटं बोलत होतास, आणि दोन्हीकडं तुला ताट वाढलेलं होतं.

तुला सख्खी बहीण नाही. फोटोत करवली तर हवी. काकू आमच्या घरी आल्या, माझा हात धरून म्हणाल्या, "पोरी, हे कागदाचंच लगन हाय. देवाले सांगून ठेवलं म्या. पोराचं भलं होऊन राह्यलं, तू आडवी येऊ नको." मी आडवी आले नाही. मांडवाच्या लाइटिंगला अर्थिंग नव्हतं, तेही मीच दिलं. वायर हातात असताना क्षणभर वाटलं होतं, राहू द्यावं तसंच. पण मांडवात लहान मुलं होती.

मग सुपारी जिच्याशी फुटली होती तीच तुझ्या मागे पाण्याचा करा आणि दिवा घेऊन उभी राहिली. गाव बघत होतं. तू कॅट्रिनला जर्मनमध्ये सांगितलंस, ही माझी बहीण. आवाज खाली घेऊन, मला कळणार नाही अशा बेतानं. शिकायला तूच लावलं होतंस आणि तूच विसरलास.

काकूंनी लग्न लावणाऱ्या महाराजांना आधीच गाठून ठेवलं होतं. सप्तपदीची पावलं पाचच टाकायची. फोटोत पाच की सात कळत नाही आणि देवाकडं ते लग्न धरलं जात नाही. पाचव्यावर महाराज थांबले, वाजंत्र्यांना हात केला. कॅट्रिन मात्र तिथून हलेना. ती वाचून आली होती. तिनं मागं वळून मला, तुझ्या बहिणीला, विचारलं, सात असतात ना? तू माझ्याकडं पाहिलंस. तुझ्या डोळ्यांत काय होतं ते मी विसरलेली नाही. मी म्हणाले, हो, अजून दोन राहिलीत. तिनं तुझा हात धरला आणि तुला ओढतच सहावं घेतलं, सातवं घेतलं. मांडवात टाळ्या पडल्या. रंगूआजी मोठ्यानं म्हणाली, "माय वो! गोरी पक्की निघाली. पुरे सात वसूल केले!" काकूंचा चेहरा त्या क्षणाच्या फोटोत आहे. तुम्ही तो ऑफिसला दिला असेल तर त्यांना तो आनंदाश्रूंचा वाटला असेल.

तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते. तुम्ही गेल्यावर काकू महाराजांकडं गेल्या होत्या. शेवटची दोन पावलं उलटी टाकली तर लग्न सुटतं का, म्हणून विचारायला. महाराज म्हणाले, "बाई, याले रिव्हर्स गेर नसते."

आणि दार अडवलं तेव्हाचं आठवतं का? रीत बहिणीची, म्हणून मलाच उंबऱ्यावर उभं केलं. बाया ओरडत होत्या, अंगठी माग, तिकडची गाडी माग. तू नवरदेवाच्या ऐटीत म्हणालास, "माग काय मागतं ते." मी तुझ्याकडं काही मागितलं नाही. कॅट्रिनकडं वळले आणि तिच्या भाषेत म्हणाले, आज नाही, पण एक दिवस मागेन, देशील? तिनं छातीवर हात ठेवला, देईन म्हणाली. बायांनी विचारलं, काय मागून राह्यली? तू हसून सांगितलंस, "साडी." मी बाजूला झाले, तुम्ही आत गेलात.

तेव्हापासून कॅट्रिन मला लिहिते. दर रविवारी बोलतो आम्ही. तिनं माझं जर्मन सुधारलं, मी तिला मराठी शिकवली. तिला पुस्तकातली नको होती, तुमच्या घरात बोलतात तशी हवी होती. काकूंशी बोलायचंय म्हणे. मी मन लावून शिकवलं. मले, तुले, काहून, सगळं. आपल्याबद्दल तिला एक अक्षर सांगितलं नाही. माझ्या सांगण्यावर तिनं विश्वास ठेवावा, असं मला नको होतं. तुझ्या तोंडून ऐकायला हवं होतं. तू स्वतः बोलशील याची मला खात्री होती. तू नेहमी बोलतोस.

तुझा मेसेज आला तशी मी तो तिला पाठवला. सोबत आपल्या सुपारीचा फोटो. भाषांतर केलं नाही. तिनं एवढंच विचारलं, निपटवणे म्हणजे काय? बाकी तिला सगळं कळलं होतं. मी अर्थ सांगितला, काम संपलं की हात झटकून मोकळं होणं. ती पुढचे दोन रविवार बोलली नाही. तिसऱ्या रविवारी फोन आला तेव्हा ती रडत नव्हती. तिनं मला विचारलं, तू माझ्या लग्नात दिवा धरून कशी उभी राहिलीस? त्याचं उत्तर मी तिला दिलं. ते तुला देणार नाही.

नियम मी स्वतः वाचून काढले आहेत, मूळ भाषेत. तीन वर्षं एकत्र राहण्याआधी नवरा-बायको वेगळे झाले, तर लग्नावर मिळालेला राहण्याचा हक्क जातो, आणि त्यावर टेकलेला कामाचा हक्कही. अपवाद आहेत. ज्या जोडीदाराचा छळ झाला त्याच्यासाठी आहेत. तुझा छळ कुणी केला नाही. दोन बायांनी तुला जपलं.

कॅट्रिन डिसेंबर लागताच आईकडं गेली, नाताळची मदत करायला, असं तुला वाटतं आहे. हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर तिचं अर्धं कपाट रिकामं आहे हे तू पाहिलेलं असशील, आणि आम्ही वेगळे राहतो हे तिनं ऑफिसला कळवलेलं असेल. कुणी फसवलं, कसं फसवलं, यातलं ती काही सांगणार नाही. फक्त तारीख सांगणार आहे. तुला परत यावं लागेल. आसेगावात उतरलास की लोक विचारतील, आता वैभवीशी लग्न करतो का? तेव्हा त्यांना आठवण दे, की मी तुझी करवली होते, साऱ्या गावानं पाहिलंय, आणि बहिणीशी लग्न करत नाहीत. दारातलं माझं मागणं तू साडीवर नेलं होतंस. मी ते तिसऱ्या रविवारी मागितलं. एकच मागितलं, मार्चपर्यंत थांबू नकोस. वहिनीनं दिलं.

तुझीच,
तूच सांगितलेली बहीण,
वैभवी