पुस्तकात घड्याळ नाही

४ फेब्रुवारी
पहिला दिवस. बोटं नुसती लाकडाची! एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटे असतात, तेवढाच काय तो आधार. संगणक शिकवायला येतात त्या बाईंनाही दिसत नाही, जन्मापासून. म्हणाल्या, "रोज चार ओळी लिहा, हात बसेल." म्हणून हे लिहिणं. लिहिलेलं यंत्र वाचून दाखवतं, नाकात बोलत. मी त्याला मास्तर म्हणते. जन्मभर पोरांना गणित शिकवलं, आता हा मास्तर माझ्या बोकांडी!

६ फेब्रुवारी
काचबिंदूने डोळे गेल्यापासून हे रोज संध्याकाळी मला वाचून दाखवतात. दिवसभर दुकानात घड्याळं दुरुस्त करायची, घरी येऊन चहा घ्यायचा, पुस्तक उघडायचं. एक दिवस कुरकुर नाही. पण संध्याकाळपर्यंत मी काय करू? भिंतींशी गप्पा मारू? एका पानासाठी कुणाची वाट बघत बसायचं नाही. ठरलं म्हणजे ठरलं.

९ फेब्रुवारी
संगणकात घालून दिलेलं अख्खं पुस्तक हरवलं! कुठली कळ दाबली गेली कोण जाणे, मास्तर एकदम प्रकाशकाचा पत्ता वाचायला लागला. रडूच आलं. बाईंना फोन केला तर त्या हसतात! "पुस्तक कुठं जात नाही हो. एच दाबा, पुढचं प्रकरण. शिफ्ट धरून एच, मागचं. कंट्रोल दाबलं की तो गप्प."
विचारलं, नवऱ्याला गप्प करायची कळ असते का? म्हणाल्या, "मीही शोधतेय!"

१० फेब्रुवारी
एच. एच. कंट्रोल. एच. जमतंय!

१४ फेब्रुवारी
आज खुणा ठेवायला शिकले. वाचताना थांबू तिथं खूण करायची, तिला नाव द्यायचं. नंतर ते नाव निवडलं की थेट त्याच ओळीवर. पूर्वी मी पानांचे कोपरे दुमडायची, तर हे ओरडायचे. आता दुमडा म्हणावं किती दुमडायचे ते!
बाई म्हणाल्या, सरावाला माहितीतलं पुस्तक घ्या, चुकलात तर कळेल. ह्यांनी गेल्या महिन्यात वाचून संपवलेली कादंबरी घेतली — नदीत नाव चालवणाऱ्या दोन भावांची. ह्यांना सांगितलेलं नाही. पूर्ण वाचून चकित करणार आहे.

१९ फेब्रुवारी
काहीतरी गडबड आहे. थोरला भाऊ भांडून घर सोडतो, तिथपर्यंत शब्दन् शब्द तोच. पुढे नदीवर पूल बांधायला लोक येतात. पूल? ह्यांच्या वाचनात पूल नव्हताच! वाटलं, माझंच चुकलं, दुसऱ्याच पुस्तकात शिरले. मागे गेले, परत आले. पुस्तक तेच.

२० फेब्रुवारी
वाचून संपलं. थोरला परत येतच नाही. पूल होतो, नाव काठावर कुजते, धाकटा गाव सोडतो. संपलं.
आणि ह्यांनी काय वाचलं होतं? धक्क्यावरचं बंद पडलेलं मोठं घड्याळ धाकटा दुरुस्त करतो, त्याचे ठोके ऐकून थोरला पैलतीरावरून हाक मारतो! मी ढसाढसा रडले होते. ह्यांच्याच रुमालाला नाक पुसलं होतं.
शोधायची सोय आहे त्यात. 'घड्याळ' लिहिलं, एंटर.
मास्तर म्हणाला, "सापडलं नाही."
पुन्हा लिहिलं. सापडलं नाही!

२२ फेब्रुवारी
संताप संताप होतोय. मी काय कुक्कुलं बाळ आहे? दुःखाचं गाळून गोड तेवढं भरवायचं? मग माझ्या तपासण्यांचे कागद यांनी वाचले ते खरे कशावरून? बहिणीचे निरोप? सगळं तर यांच्याच तोंडून ऐकलंय मी!
बसून खुणा केल्या, जिथं जिथं फाटा फुटला तिथं. नावं दिली — 'थाप पहिली', 'थाप दुसरी'. यादी मारुतीच्या शेपटासारखी वाढतेच आहे. थोरला गेल्यानंतर एक पान खरं नाही.

२४ फेब्रुवारी
चहा झाला. हे नवं पुस्तक उघडायला लागले. म्हटलं, थांबा, आज मी वाचते. 'थाप पहिली'वर गेले आणि मास्तरला सोडलं.
हे ऐकत राहिले. मग म्हणाले, "अगं, हे तू स्वतः शोधलंस? एकटीने?"
"विषय बदलू नका. पूल कुठं गेला? घड्याळ कुठून आलं?"
"तुला आवडलं होतं ना पण?"
"अहो, माझे डोळे गेलेत, काळीज शाबूत आहे! मला का फसवलंत?"
"तुला रडवायचं नव्हतं," एवढंच पुटपुटले. चपला सरकवल्याचा आवाज आला, मग दाराचा.
रडवायचं नव्हतं म्हणे! रडले होतेच की.

२५ फेब्रुवारी
अबोला. घरात मास्तर तेवढा बोलतोय.

२६ फेब्रुवारी
भर दुपारी दुकान बंद करून आले. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. "परवा खोटं बोललो. तुझ्यासाठी नव्हतं ते." खुर्ची आणखी जवळ सरकली. "मला अक्षरं लागत नाहीत गं. मधोमध डाग. ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. थोरला घर सोडतो ना, तिथपर्यंत कसंबसं वाचलं. पुढचं सुचेल तसं." दुकानातही दोन महिने नुसते पट्टे बदलतायत, चाचपून. नवं काम परत पाठवतायत. मला सांगणार कसं, म्हणाले. एका घरात दोघंही न दिसणारी!
हात बर्फासारखे गार होते त्यांचे. धरून ठेवले.
उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. मी नेणार. रस्ता पाठ आहे मला.