बुजगावण्याचा कोट

प्रिय अक्का,

तुझ्या मशीनसमोर बसून लिहितो आहे. मांडीवर कोट आहे, दोन्ही काखांत उसवलेला. परवा संध्याकाळी विहाराच्या पटांगणात नाटक आहे. तुला नाही विचारायचं, तर कोणाला?

सुजाताला वस्तीच्या नाटकात बोलणाऱ्या बुजगावण्याचं काम मिळालं, तेव्हा लेकीचा ठिगळांचा कोट मीच शिवणार, असं तू साऱ्या गल्लीला सांगितलं होतंस. मग उन्हाळ्यात तू गेलीस. तुझी पोर तेव्हापासून तोंडातल्या तोंडात बोलते. नाटक सोडते म्हणाली, तेव्हा मी आवेशात बोलून गेलो, "कोट मी शिवतो. तू फक्त उभी राहा." अक्का, मी! ज्याच्या शर्टाचं बटणसुद्धा तूच लावायचीस!

आता कोट झाला नाही, तर ती मंचावर जायची नाही. आणि या वेळी मागे सरली, तर पुन्हा कधी चारचौघांत तोंड उघडेल याची मला खात्री नाही. इतक्या सभा केल्या, कोणाच्या आरडाओरड्याला घाबरलो नाही. या पोरीच्या गप्प राहण्याला घाबरतो.

कापडासाठी इतवारीच्या बाजारात गेलो, तू ज्यांचे पडदे शिवायचीस त्यांच्याच दुकानात. काउंटरवर पडद्यांच्या आणि सोफ्यांच्या कापडाची नमुन्याची पुस्तकं रचलेली होती. मखमल, ज्यूट, साटीन, पानोपानी एकेक तुकडा. त्यातले थोडे तुकडे सरळ मागायचे होते. पण मला सरळ मागता येतं का? मी सुरू झालो. श्रमाची किंमत, लोकांची कला, धडधाकट वस्तू फेकून देणारा बाजार, सगळं आलं. गादीवरच्या दोन बायका पडदे निवडायचं सोडून ऐकत राहिल्या. शेटजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"भाऊ, भाषण एक नंबर झालं. पण हे चालू पुस्तक हाये. यातला पीस तुमाले देल्ला, तं गिऱ्हाइकाले का दाखवू?"

मी पायरी उतरू लागलो, तेव्हा त्यांनी विचारलं, हे चाललंय कोणासाठी? मी तुझं नाव सांगितलं. त्यांनी माळ्यावरून दोन जुनी पुस्तकं काढली, फडक्यानं धूळ झटकली आणि माझ्यासमोर ठेवली. नवी पुस्तकं आली की जुनी तुझ्यासाठी वर जायची म्हणे. ती सवय अजून मोडली नाही. हे तू मला कधी का सांगितलं नाहीस? निदान त्या दोन बायका तरी सुटल्या असत्या!

पुठ्ठ्याला डिंकानं चिकटलेली कापडाची कड ओलं फडकं ठेवून, इस्त्री फिरवून सोडवली. सोफ्याच्या जाड कापडानं सुया मोडल्या. मखमल मशीनखाली सरकते हे कोणत्या पुस्तकात लिहिलंय, सांग? मी तर एवढी वाचली! तरी कोट उभा राहिला. हिरवा, जांभळा, कुठे द्राक्षांचे घड, कुठे हत्तींची रांग. आज दुपारी सुजातानं तो चढवला. मी दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि मनात म्हटलं, जिंकलो.

मग तिनं बुजगावण्यासारखे दोन्ही हात आडवे केले. टर्र!

आता ही रडणार, कोट काढून ठेवणार, असं मला वाटलं. ती काखेकडे बघत राहिली.

"मामा, माप घेतलं तेव्हा मले सावधानमध्ये उभं केलं होतं न तुमी?"

"हो."

"बुजगावणं सावधानमध्ये राह्यते का?"

आणि ती हसली, अक्का. तुझ्यासारखीच, आधी नाकातून.

हे मला कसं सुचलं नाही? लहानपणी पडद्याचं कापड धरायला तू मलाच उभं करायचीस ना! "हात आडवे ठेव गा बुजगावण्या. हलू नको." हातांना मुंग्या यायच्या, म्हणून मी शाळेतलं भाषण म्हणत राहायचो आणि तू तोंडात टाचण्या धरून हुंकार द्यायचीस. माझी पहिली सभा तीच. श्रोता एक, आणि तोही कामात!

सोफ्याचं कापड ताण खात नाही. काखेत मऊ जोड हवा. सुजातानं तुझं घरात नेसायचं सुती पातळ आणलं. मी म्हटलं, ते राहू दे. ती म्हणाली, "आईनं तं कवाच फाडलं असतं." आणि तिनंच कात्री चालवली.

तुकडे समोर आहेत. आता बसवतो. पण पूर्ण नाटकभर हात आडवे! टाका सुटला तर? भर पटांगणात पुन्हा टर्र झालं आणि वाक्य तिच्या ओठांवरच राहिलं तर? तू असतीस तर एका नजरेत सांगितलं असतंस, टिकेल की नाही. जायची एवढी काय घाई होती तुला?

वस्तीच्या मंडळानं नाटकाआधी माझं भाषण ठेवलं होतं. मी नाही म्हणून कळवलं. कोणाचा विश्वास बसला नाही. पण तुला शब्द देतो. परवा मी माईकजवळ नसेन. सुईत दोरा ओवून विंगेत उभा राहीन, तोंड मिटून. उसवलं, तर टाका घालीन. नाही उसवलं, तर तुझी लेक बोलत असताना मधून मधून हुंकार देईन, तुझ्यासारखा.

हलणार नाही.

तुझा धाकटा,
मिलिंद