बियांच्या डब्यातल्या गोळ्या

सखू,

भेंडीचं बी काढायला डबा उघडला, तर तळाशी तुझ्या थायरॉइडच्या गोळ्या निघाल्या. कित्येक महिन्यांच्या असाव्यात. मी बोरगावला डॉक्टरांकडे जातो आहे.

रक्ताच्या रिपोर्टातला आकडा वाढत गेला तेव्हा मला वाटलं, चूक माझीच. गोळीनंतर चहा लवकर देत असेन, त्यानं ती लागू पडत नसेल. म्हणून तुझ्याबरोबर मीही अर्धा तास चहावाचून बसायचो. "घेतली न बाप्पा, काऊन मांगं लागता?" असं तू म्हणायचीस आणि मी घड्याळ बघायला लागायचो.

पुस्तकात वाचून तुला सांगितलं होतं. रक्तात थायरॉइडचा निरोप कमी पडला की पेशी मंदावतात, आणि मेंदूखालची ग्रंथी आणखी मोठ्यानं हाक मारते. तो आकडा म्हणजे ती हाक. ती ऐकून, तू गोळी घेतेस असं समजून, डॉक्टरांनी ती दोनदा वाढवली. म्हणून आज ही वाढवलेली गोळी एकदम घेऊ नको, छातीत धडधडेल. मी त्यांना खरं सांगून, विचारून येतो.

चहा गाळून ठेवला आहे. आज थांबायची गरज नाही.

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मला तुझ्यावर रागावता आलं नाही, हे तुला ठाऊक आहे. त्याचा असा उपयोग करशील, असं वाटलं नव्हतं.