मा खिनच्या नावे अनगोळचे घर

मी, रवळू नागोजी गावडे, वय एकसष्ट, धंदा फिटर, सध्या घरी बसून, राहणार अनगोळ, तालुका बेळगाव, माझ्या मागची व्यवस्था येथे लिहून ठेवतो. दमा बळावला आहे, पण डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या भिडेखातर लिहीत नाही. तसे असते तर भाऊ मष्णू याचे नाव पहिल्या ओळीत आले असते.

१. अनगोळचे कौलारू घर आणि मागचे परडे माझ्या स्वतःच्या कमाईचे आहे. त्यात वडिलार्जित काही नाही. पत्नी तरुणपणीच वारली, मूलबाळ नाही. हे घर मी मा खिन, मूळ राहणार इन्सीन, रंगूनजवळ, ब्रह्मदेश, हिला देतो. ती माझी बहीण आहे. हा कागद लिहून देणारे हरिभाऊ यांनी 'मानलेली' हा शब्द मध्ये घातला होता, तो मी खोडायला लावला.

२. गाव या नात्याला भलतेच नाव देते, म्हणून खुलासा करतो. लोंढ्याच्या इंजिन शेडमध्ये काम शिकून मी इन्सीनच्या रेल्वे कारखान्यात गेलो. मा खिन आणि तिचा नवरा शेजारी राहत. मी तापाने पडलो तेव्हा ती पेज घेऊन आली. ताप गेला तरी ताट येतच राहिले. ती मला 'अको' म्हणते. त्यांच्यात थोरल्या भावाला असे म्हणतात. अनगोळच्या बाया पदर तोंडाला लावून हसतात, "बाप्याला आक्का म्हणती की गं!" हसा.

३. सन १९३० साली रंगूनकडे दंगा झाला. तिकडचे लोक हिंदी माणूस दिसला की कापत होते. मी धावत चुलतभाऊ भावकू याच्या खोलीवर गेलो. त्याला ब्रह्मदेशात मीच नेले, कामाला मीच लावले. त्याने आतून कडी घातली आणि म्हणाला, "रवळूअण्णा, दुसरीकडं बघ जा. मला पोरंबाळं हाइत."

पोरेबाळे इकडे गावी होती. त्या खोलीत तो एकटाच होता.

मा खिनने मला भाताच्या कणगीमागे बसवले आणि कोयता घेऊन दारात उभी राहिली. माणसे आली.

"आत कोण आहे?"

"माझा भाऊ."

"तुझा भाऊ हिंदी कसा?"

"आईने मला विचारून भाऊ दिला नाही. जो आहे तो आहे. पुढे व्हा."

ते गेले. आज भावकू इथल्या चावडीवर बसून याच बाईला माझी ठेवलेली म्हणतो. त्याला माझ्या चुलीतली राखसुद्धा देऊ नये.

४. जपान्यांच्या बॉम्बमध्ये तिचा नवरा गेला. मी तिला बोटीने घेऊन आलो. इकडे मष्णूने, रंगूनवर बॉम्ब पडल्याचे ऐकताच, माझे बारावे उरकले होते. चौकशी करण्याइतकाही धीर त्याला नव्हता. त्याच्या दारात मला जिवंत बघून त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "आलास ते बरं झालं रं. पर हिला भाईर ठेव, मग आत ये." मी आत गेलो नाही.

हरिभाऊ म्हणतात, अशा कागदात 'नालायक' हा शब्द बसत नाही. लिहा: मष्णू नालायक आहे. त्याने माझे दिवस पुन्हा घालू नयेत, जेवण एकदा झाले आहे. अग्नी मा खिन देईल. भावकी आली नाही तर स्मशानातली हवा चांगली राहील.

५. लोखंड पकडायचा शेगडा, कानशी, पाने ही हत्यारे जोतिबा लोहाराला द्यावीत. तो हत्यार पुसून ठेवतो. माझ्या भावकीत एवढे करणाराही कोणी नाही.

६. मा खिनला ब्रह्मदेशी परत जावेसे वाटल्यास तिने घर खुशाल विकावे. कोणाला, हे तिने ठरवावे.

७. हे सर्व आज तिला वाचून दाखवले. ती ऐकत राहिली, आणि इथे शिकलेल्या अनगोळी मराठीत म्हणाली, "घर घेतो मी, अको. पर तुझी भांडणं मला नगंत. ती तुझ्यासंगं ने."

म्हटले, बरं. म्हणून वरचे एकही भांडण मी कोणाच्या नावे करत नाही. ती माझी आहेत, माझ्याबरोबर जळतील.

ठिकाण अनगोळ, दिनांक १७ नोव्हेंबर १९४६.

सही: रवळू नागोजी गावडे

आम्हां दोघांसमक्ष सही झाली:
चिंतामणी विठ्ठल देशपांडे, शिक्षक, बेळगाव
नागुबाई पाटील, शेजारीण, डाव्या अंगठ्याचा ठसा