देव ज्यांना ओळखत नाही

८ जुलै
धुळ्याहून शिरपूर, एसटीत चक्क खिडकी मिळाली. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात पाय ठेवताच विभागप्रमुख देसले सरांनी गाठलं. एम.एस्सी. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी 'देखरेखीखाली', तिची पालक-शिक्षक मी. नाव रमिला. नियम सरांना तोंडपाठ: मुदत एक सत्र, हजेरी पंचाहत्तर टक्के, दर शनिवारी माझी सही, आणि मागं राहिलेलं प्रॅक्टिकल ऑगस्टात सुटलंच पाहिजे. नाही तर नाव कमी. वसतिगृहातली जागाही गेली.
"पुन्हा संधी नाही हं मॅडम. आणि फार माया लावू नका."
ते तेवढं मला जमत नाही.

१२ जुलै
पहिली सही. र. उंच, वेणी घट्ट, बोलणं मोजकं. थिअरीत वर्गात पुढं. अडलंय फक्त हर्बेरियम. परिसरातली वीस झाडं तोडून, दाबून, वाळवून कागदावर चिकटवायची. हिनं वीस चित्रं काढून दिली होती. शून्य.
चित्रं मागून पाहिली. देठावरची लवसुद्धा सोडलेली नाही.
"तोडली का नाहीस?"
"सरांना सांगितलं होतं मॅडम. तोडली नाहीत म्हणून."
"पण का?"
"ते त्यांनी विचारलं नाही."

१९ जुलै
कारण कळलं. तिचा पाडा सातपुड्याच्या पायथ्याला. पावसाळ्यात नवं हिरवं उगवलं की गावाची पूजा होईपर्यंत कुणी पान तोडायचं नाही, भाजीपुरतंही नाही. पूजेच्या दिवशी सगळ्यांसमोर विचारतात, कुणी तोडलं का? मागच्या वर्षी फाइल द्यायची तारीख आधी गेली, पूजा नंतर झाली. यंदा पाऊस रेंगाळलाय, म्हणजे तसंच होणार.
मी म्हटलं, माझ्या अंगणातलं घे. धुळ्यात कोण बघतंय?
"अंगण कुणाचं का असेना मॅडम, हात माझाच ना. विचारतील तेव्हा काय सांगू?"
चहा पाजला तिला.

२० जुलै
जेवताना सासूबाईंना, म्हणजे अक्कांना, सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं ते माझंच.
"मंग त्यामा काय? आखाजीना पहिले मी तरी आंबा खास का?"
खरंच की. बाजार आंब्यांनी भरलेला असतो, आणि आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, पितरांना नैवेद्य होईस्तोवर अक्का फोडीला हात लावत नाहीत. इतकी वर्षं बघतेय, तरी र.चं ऐकताना हे आठवलं नाही.
"पोर खरी शे. तुना सरले सांग."

२२ जुलै
सांगितलं. सर वाईट नाहीत. बराच वेळ पेन उघडझाप करत बसले.
"एकीला सवलत दिली की उद्या प्रत्येकाचा देव दारात उभा राहील, मॅडम. मी कुणाकुणाला आत घेऊ?"
तेही खोटं नाही. नियम नसता तर ही मुलगी मागच्या वर्षीच गेली असती. देखरेख म्हणजे निदान अजून दार लोटलेलं नाही.

२६ जुलै
सही. हजेरी चोख. र. म्हणाली, "दोन्हीकडचं पाळता येतं का बघते." कसं, ते नाही सांगितलं. मीही नाही विचारलं. काळजी मात्र लागून राहिली.

२ ऑगस्ट
परतीच्या गाडीला निघाले तर बसस्टँडमागच्या पडीक जागेत र.! चिखलात उभी, काखेत गाजरगवताचा भारा. एक रिक्षावाला ओरडला, "ताई, नगरपालिकामा लागनी का तू?"
"लागले तर तुम्हालाच आधी सांगते, भाऊ."
मग मला एकेक दाखवलं. गाजरगवत, घाणेरी, एकदांडी, बेशरम, वेडी बाभूळ. सगळी बाहेरच्या देशांतून आलेली. गावच्या म्हाताऱ्या आबांना तिनं फोनवर एकेक नाव सांगून विचारलं. आबा म्हणाले, ह्यांना आपला देव ओळखत नाही. खुशाल तोड.
गाडीत एकटीच हसत होते. दोन शेतांमधल्या बांधावरून चालावं तशी चालली ही पोरगी, कुणाचंच पीक न तुडवता. मी असते तर एक शेत नक्की तुडवलं असतं. बहुधा गावाचं.

१२ ऑगस्ट
प्रॅक्टिकल. जळगावहून विद्यापीठाचे परीक्षक आलेले. सरांनी फाइल चाळली, "वीस झाडं, आणि आपलं एकही नाही?" परीक्षकांनी मात्र तिचं गाव विचारलं, एकेक पान सावकाश उलटलं.
"तुझ्या डोंगरातलं काहीच कसं नाही ह्यात?"
र.नं सगळं सांगितलं. खाली पाहिलं नाही.
त्यांनी फाइल मिटली. मग म्हणाले, "ही झाडं परिसरातली धरायची का, हे मी एकट्यानं ठरवणं बरोबर नाही." फाइल जळगावला घेऊन गेले.
जिन्यात सर हळूच, "चिकटवलंय मात्र देखणं."

२४ ऑगस्ट
रविवार. र. दारात! परवा पूजा झाली. विचारलं का, म्हटलं. "विचारलं. मी म्हणाले, नाही." काय हसली!
अक्कांसाठी रानभाजीची जुडी. आणि वर्तमानपत्रांचा जाड गठ्ठा, आत डोंगरातली झाडं. आता हात मोकळा झाला म्हणून.
"ह्याला गुण नाहीत गं."
"माहीत आहे, मॅडम."
वसतिगृहात वजनाला काही नाही, म्हणून इथं दाबायला आणलीत. अक्कांनी पाटा काढून दिला, वर कुरकुर, "मंग मी चटणी कशावर वाटू?"
"मिक्सर शे ना, अक्का!" र.चं उत्तर, अक्कांच्याच बोलीत.
अक्का दिवसभर हेच घोळवत होत्या.

२८ ऑगस्ट
सर म्हणाले, जळगावहून सोमवारी कळेल. र. म्हणते, नाव राहो की जावो, सोमवारी झाडं न्यायला येणार. "तोवर कागद तेवढे बदला मॅडम, एक दिवसाआड. नाही तर काळी पडतात."
आज बदलले. पाटा मला एकटीला उचलेना, अक्का धरायला आल्या. आतली पानं चपटी झालीत, देठांत ओल आहे अजून. रंग हिरवाच.